गेम खेळायचा कन्सोल कुठला घेतला यावरून माणसावर शिक्का का मारतात?

ठाणे_सातारा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण बरेच दिवस मनात घोळतोय म्हणून इथे टाकतोय.

आमचा सहा जणांचा ग्रुप, सगळे साताऱ्याचे, एकाच शाळेतले. आठवी-नववीत गल्लीतल्या गेम पार्लरला जायचो, सोनीचा प्लेस्टेशन टू, म्हणजे पीएस टू होता तिथे, तासाला वीस रुपये, सहा जणांत दोन कंट्रोलर, जो हरला त्याने उठायचं. कंपनी कुठली हे कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. आता दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक जर्मनीत आणि मी ठाण्यात.

मी २०२१ ला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस घेतला. कारण साधं, तो ३४,९९० ला होता, डिस्कवाला पीएस फाइव्ह ४९,९९० आणि तोही मिळत नव्हता, साइटवर स्टॉक आला की काही मिनिटांत गायब. बंगळुरूवाल्यानेही एक्सबॉक्स घेतला, बाकी चौघांनी थांबून थांबून पीएस फाइव्ह. तेव्हापासून मी ग्रुपवर काहीही बोललो की उत्तर ठरलेलं, "एक्सबॉट बोलला", म्हणजे एक्सबॉक्सचा आंधळा भक्त. पुण्याला मित्राकडे राहून पीएसवरचा गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक खेळलो, भयंकर आवडला, फक्त म्हणलं की मधला जंगलाचा भाग फार रेंगाळतो, तर लगेच "तुझ्याकडे नाहीये म्हणून जळतोस". म्हणजे गेमबद्दल जे बोललो त्याला उत्तरच नाही, मी कोण त्याला उत्तर. आणि आम्ही दोघंही काही धुतल्या तांदळाचे नाही, बंगळुरूवाला जर्मनीवाल्याला सोनी पोनी म्हणायचा, सोनीचा चमचा म्हणायचा, मी हसून इमोजी टाकायचो.

मागच्या महिन्यात यावरूनच इतकं पेटलं की बंगळुरूवाला ग्रुप सोडून गेला. वीस वर्षांची मैत्री आहे हो. त्याच्या लग्नात आम्ही पाचही जण चार दिवस आधी जाऊन मांडवाला हात लावलाय.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात, हे असं एकमेकांवर शिक्के मारणं नेमकं आलं कुठून, आणि तुमच्यापैकी कुणी यातून बाहेर पडलंय का.

लॅमिंग्टन_रोड_९४

दादा, मनापासून लिहिलंयस, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

तू म्हणतोस पार्लरमध्ये कंपनी कुणाला माहीत नव्हती, ते आपल्याकडे खरंय. आपल्याकडे पिवळ्या कॅसेटवाला टीव्ही गेम होता, त्यावर ९९९९ गेम्स लिहिलेलं असायचं आणि प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, टँक हेच फिरून फिरून. माझ्या मामाने मात्र ९४ साली दुबईहून सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह कन्सोल आणला होता, आणि फोर्टात फुटपाथवर जुनी अमेरिकन गेमिंग मासिकं मिळायची ती मी खाऊच्या पैशातून घ्यायचो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मी "सेगावाला" आहे. तोपर्यंत मी नुसता सोनिक खेळणारा पोरगा होतो!

या मासिकांतल्या जाहिराती बघितल्यास तर तुला कळेल की हे भांडण पोरांनी सुरू केलं नाही, कंपनीने पैसे ओतून सुरू केलं. अमेरिकेत तेव्हा मारिओवाल्या निन्टेन्डो कंपनीचंच राज्य होतं. सेगाने मेगा ड्राइव्ह तिथे १९८९ मध्ये जेनेसिस नावाने आणला आणि जाहिरातीत निन्टेन्डोच्याच नावाची मोडतोड करून सांगितलं की जे निन्टेन्डोला जमत नाही ते जेनेसिस करतो. पुढे १९९१ मध्ये सोनिक आला आणि जाहिरातींचा सूर एकच, निन्टेन्डो म्हणजे लहान पोरांचं, सेगा म्हणजे मोठ्या धाडसी पोरांचं. मशीनची तुलना राहिली बाजूला, मशीन घेणारा पोरगा कसा आहे यावर जाहिरात. "ब्लास्ट प्रोसेसिंग" नावाचा एक शब्द काढला होता, वेगाचा काहीतरी चमत्कार असल्यासारखा, ज्याचा अर्थ विकणाऱ्यांनाही धड सांगता आला नसता, पण शाळेच्या मैदानावर बारा वर्षांची पोरं तो शब्द तोंडावर फेकायची.

मग सप्टेंबर १९९३ मध्ये मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम घरच्या कन्सोलवर आला. निन्टेन्डोने रक्त काढून तिथे राखाडी घाम दाखवला, सेगावर एक कोड टाकला की रक्त दिसायचं. सेगाचीच कॉपी जास्त खपली. त्याच डिसेंबरात अमेरिकन सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि तिथेही दोन्ही कंपन्यांचे अधिकारी खासदारांसमोर एकमेकांवर बोट दाखवत होते. मोठी माणसं, कोट घातलेली, आणि भांडण तेच मैदानावरचं.

आता शेवट ऐक, कारण तो मला अजून लागतो. जानेवारी २००१ मध्ये सेगाने जाहीर केलं की त्यांचा ड्रीमकास्ट कन्सोल बंद, यापुढे कन्सोल बनवणार नाही, फक्त गेम बनवणार. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला. २००७ मध्ये तर मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये धावत होते. मी माझ्या आतेभावाशी त्या दोघांवरून एक अख्खी दिवाळीची सुट्टी बोललो नव्हतो. तो निन्टेन्डोवाला. कंपन्यांनी हात मिळवले तेव्हा आम्हाला दोघांना कुणी येऊन सांगितलं नाही की बाबांनो आता तुम्हीपण बोला. आम्ही बोलायला लागलो ते आजी गेली तेव्हा.

सांगलीचा_पीसीवाला

वरचं वाचून अंगावर काटा आला.

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, मी स्वतः शिक्के मारणाऱ्यांतला होतो. कन्सोलवाले म्हणजे शेतकरी आणि आम्ही पीसीवाले "मास्टर रेस", असं मी फोरमवर पोस्टखालच्या सहीत लिहायचो. हा शब्द आला कुठून तर २००८ मध्ये एका व्हिडिओ समीक्षकाने द विचर या गेमबद्दल बोलताना पीसीवाल्यांच्या गुर्मीला टोमणा म्हणून वापरला होता. टोमणा होता तो! आणि आमच्यासारख्यांनी तोच पदक म्हणून छातीवर लावला. नंतर एका जर्मन सहकाऱ्याने मला शांतपणे विचारलं की या दोन शब्दांचा अर्थ माझ्या देशात काय होता माहितीये का तुला. नाझींचा वंशश्रेष्ठतेचा शब्द आहे तो. त्या दिवशी सही बदलली, आणि इथे जे कुणी अजून वापरतात त्यांनाही हात जोडून विनंती की वापरू नका.

बाकी ग्राफिक कार्डाला मी जेवढे पैसे घातलेत तेवढ्यात दोन कन्सोल आले असते, त्यामुळे "माझंच भारी" म्हणणं मला भाग होतं, असं आता वाटतं.

खडू_फळा

पीसीवाल्या दादांनी शेवटच्या वाक्यात नेमकं बोट ठेवलंय. मी ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, गेम माझा धाकटा भाऊ खेळतो, त्यामुळे घरात हे भांडण रोज ऐकते.

१९५६ मध्ये जॅक ब्रेह्म नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. बायकांना घरात लागणाऱ्या वस्तू दाखवल्या, टोस्टर वगैरे, आणि कुठली किती आवडली ते लिहायला सांगितलं. मग त्यातल्या दोन पुढे ठेवून म्हणाले की यातली एक घरी न्या. थोड्या वेळाने पुन्हा आवडनिवड लिहायला लावली. तर जी वस्तू निवडली ती आता आधीपेक्षा जास्त आवडायला लागली होती आणि जी सोडली ती कमी, विशेषतः ज्यांना दोन्ही जवळजवळ सारख्याच आवडल्या होत्या त्यांच्यात हे जास्त दिसलं. वस्तू तीच, बदललं काय तर आपण एक सोडून दिली ही बोच. ती बोच जावी म्हणून मन सोडलेल्या वस्तूला नावं ठेवतं.

आता हे आपल्या घरात आणून बघा. परदेशात पगारदार माणूस वर्षभराने दुसरा कन्सोलही घेऊ शकतो, आपल्याकडे पन्नास हजार म्हणजे घरात चर्चा होते, आई विचारते एवढ्यात फ्रीज आला असता, हप्ते बांधलेले असतात. एकदा घेतला की सहा-सात वर्षं तोच. मग त्या कन्सोलला कुणी नाव ठेवलं तर ते आपल्या निर्णयाला, आपल्या ऐपतीला नाव ठेवल्यासारखं लागतं. माझ्या भावाला मी कितीदा बघितलंय, समोरचा प्रोसेसरबद्दल बोलत असतो आणि याला ऐकू येतं "तुला परवडलं नाही". ठाणेकर दादा, तुम्हाला जे "जळतोस" म्हणाले ना, त्याने जास्त लागलं ते याच कारणाने असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

दुसरा प्रयोग हेन्री ताजफेलचा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, १९७१ मध्ये छापून आला. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीप्रमाणे गट केले असं सांगितलं, खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखेच केले होते. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नाही. मग म्हणाले पैसे वाटा, स्वतःला नाही, बाकीच्यांना. मुलांनी काय करावं? आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्या गटाशी फरक मोठा राहिला पाहिजे, असा कल बऱ्याच मुलांचा दिसला. हे मी वर्गात शिकवते तेव्हा पोरं दरवर्षी गप्प होतात. कारण प्रत्येकाला आठवतं, एखादा गेम फक्त आपल्याच कन्सोलवर आला याचा आनंद जास्त झाला होता की दुसऱ्याला मिळाला नाही याचा.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या आज्यांना प्रयोग न करताच माहीत होतं.

जुनी_डिस्क

ताई, छान लिहिलंत, पण मला एक दुसरी बाजू मांडायचीय, नाहीतर इथून लोक असं घेऊन जातील की कंपनीला नाव ठेवणारा प्रत्येक जण फॅनबॉयच, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा आंधळा भक्तच असतो. तसं नाहीये.

हा फॅनबॉय शब्दच बघा. जुना आहे, मेरियम-वेबस्टरने २००८ मध्ये कोशात घेतला पण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे वापर १९१९ पासूनचा. आता तो वापरतात कसा, तर समोरच्याचं तोंड बंद करायला. एकदा फॅनबॉय म्हणलं, हेटर म्हणलं, की तो काय बोलतोय ते ऐकायची गरज उरत नाही. आणि यात फायदा कंपनीचाच.

उदाहरण देतो. मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर झाला, तेव्हा असं ठरलं होतं की कन्सोलला चोवीस तासांतून एकदा नेटला जोडावंच लागेल आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला विकण्या-देण्यावर बंधनं येतील. मी तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ओळखीच्यांत डिस्क फिरवूनच गेम खेळायचो, नवी घेतली की महिन्यात संपवून विकायची, त्यात थोडे घालून पुढची, माझ्यासारख्या कितीतरी पोरांचा छंद त्याच्यावर चालायचा. आणि नेट म्हणाल तर पावसाळ्यात आठवडा आठवडा बंद. मी जिथे लिहायचो तिथे हे लिहिलं तर मला सोनीचा दलाल म्हणाले, माझ्याकडे तेव्हा एक्सबॉक्स ३६० होता!! जून महिन्यात सोनीने मोठ्या गेमिंग प्रदर्शनात पीएस फोरची किंमत एक्सबॉक्स वनपेक्षा शंभर डॉलरने कमी, ३९९, जाहीर केली, आणि गेम मित्राला कसा द्यायचा याचा एक वीसेक सेकंदांचा व्हिडिओ टाकला, एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपला व्हिडिओ. नऊ दिवसांनी, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने ते सगळे नियम मागे घेतले. एक्सबॉक्स वन भारतात आला तो सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दुकानात यायच्या आधीच ती अट गेलेली होती. ती गेली कारण लोक ओरडले. शिक्क्याला घाबरून गप्प बसलो असतो तर?

त्यामुळे माझं म्हणणं, कंपनीला खुशाल नावं ठेवा, पोटतिडकीने ठेवा, तुमचे पैसे आहेत. माणसाला ठेवू नका.

म्हापसा_स्विच

मी मध्येच बोलते. तुम्ही दोन बाजू भांडताय, माझ्याकडे निन्टेन्डो स्विच आहे, मला दोन्हीकडचे लोक "लहान मुलांचं खेळणं" म्हणतात. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, इम्पोर्टवाल्याकडून घ्यायचा, वॉरंटी नाही, बिघडला तर आपलं आपण बघायचं, एवढं करून घेतला तो झेल्डा या गेमसाठी. जगात पंधरा कोटींच्या वर खपलाय स्विच, एवढी सगळी लहान मुलं कुठून आली? लॅमिंग्टनवाले दादा म्हणाले तसं हे वाक्य तीस वर्षांपूर्वीच्या सेगाच्या जाहिरातीतलं आहे, सेगाचं कन्सोल जाऊन इतकी वर्षं झाली, वाक्य अजून जिवंत आहे. हे मला आजच कळलं आणि खूप बरं वाटलं खरं सांगू.

ठाणे_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. खडू_फळा ताई, तुम्ही चुकत नाही आहात. मला तेच लागलं होतं. तेव्हा माझी नोकरी नवी होती, घरी बाबांचं ऑपरेशन झालेलं, ३४ हजारसुद्धा मी हप्त्यावर भरले होते आणि ग्रुपवर कुणाला बोललो नव्हतो. त्यांना तरी कसं कळणार.

आणि बंगळुरूवाल्याचं मी जे वर लिहिलं ते वाचून आता वाटतंय की तो जर्मनीवाल्याला बोलायचा तेव्हा मी इमोजी टाकत होतो ते जास्त वाईट. मला बोलले की लागतं आणि मी सामील असलो की गंमत.

आज त्याला फोन करणार आहे. काय बोलू सुचत नाहीये. गेमचा विषय काढू की नको?

लॅमिंग्टन_रोड_९४

काढ ना, बिनधास्त काढ, तुमची मैत्रीच त्याच्यावर झालीये. फक्त कन्सोलवरून सुरू करू नकोस, गेमवरून कर.

आणि तुला एक सांगतो, आत्ता वेळ चांगली आहे. २६ ऑगस्ट २०२५, एकाच दिवशी, एक्सबॉक्सचा गिअर्स ऑफ वॉर पीएस फाइव्हवर आला आणि सोनीचा हेलडायव्हर्स टू एक्सबॉक्सवर आला. ऑक्टोबरमध्ये तर हेलोसुद्धा पीएस फाइव्हवर आणणार असं जाहीर झालं, हेलो, जो २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आला आणि ज्याच्यासाठी लोक एक्सबॉक्स घ्यायचे. बातमी वाचून काही लोक रडकुंडीला आले होते, की आम्ही इतकी वर्षं तळी उचलली ती कशासाठी. मला त्यांचं हसू आलं नाही. मी २००१ मध्ये त्याच जागी होतो.

सांगलीचा_पीसीवाला

हेलडायव्हर्स टू मध्ये क्रॉसप्ले आहे, पीएस फाइव्ह, एक्सबॉक्स, पीसी तिघं एकत्र खेळतात. पूर्वी हे सोपं नव्हतं, फोर्टनाइटमध्ये सोनीने बाकी कन्सोलवाल्यांना दार उघडलं ते २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, तेसुद्धा लोकांनी महिनोन्‌महिने बोंब मारल्यावर. आता तुम्ही वेगवेगळ्या मशीनवर बसून एकाच बाजूने लढू शकता. आणि त्या गेममध्ये आपली गोळी आपल्याच माणसाला लागते, त्यामुळे बोलत राहावंच लागतं, गप्प बसून जमत नाही.

ठाणे_सातारा

अपडेट देतो, उशीर झाला माफ करा.

फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही, रात्री अकराला त्याचाच आला. दीड तास बोललो, त्यात गेमवर शेवटची दहा मिनिटं. त्याने सांगितलं की त्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, आता दुसरी लागलीये पण मधल्या काळात रोज संध्याकाळी तो फक्त आमच्याशी बोलायला ऑनलाइन यायचा आणि रोज तेच ऐकायचा. आम्हाला पाचांनाही माहीत नव्हतं. मी त्याला माझ्या हप्त्यांचं सांगितलं.

जर्मनीवाल्याला मी वेगळा मेसेज केला, इमोजीबद्दल सॉरी म्हणलो, तो म्हणाला मला आठवतही नाही, पण मग पाच मिनिटांनी म्हणाला, आठवतंय.

शनिवारी रात्री साडेनऊला हेलडायव्हर्स ठरलंय, जर्मनीत तेव्हा संध्याकाळ असते. पथक चौघांचंच असतं, त्यामुळे पुणेवाले दोघं पहिले दोन तास बघणार आणि मग बदली, हरला तो उठणार, पार्लरसारखं. बंगळुरूवाल्याने अजून हो म्हणलेलं नाही. बघतो म्हणाला. नाशिकवाला, जर्मनीवाला आणि मी आहोतच, चौथी जागा त्याच्यासाठी ठेवलीये, पुणेवाल्यांनाही तसं सांगितलंय.

म्हापसा_स्विच

रविवारी सकाळी इथे येऊन सांगा हां काय झालं ते. वाट बघते.